विसाव्यावरचं बाकडं

१० नोव्हेंबर

तारीख सुनेने घातली. मला विचाराल तर तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला, एवढं पुरे आहे.

मी हौसा. मला अक्षर येत नाही. सांगते मी, लिहिते राजश्री, माझी सून. तिला ताकीद दिली आहे की मी बोलेन तेच लिहायचं, मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही. आत्ता हसली. तेही लिही म्हटलं.

ही वही आरोही मॅडमने दिली. आमच्या वाडीच्या वर सड्यावर, कातळाच्या माळावर, सरकारने चालायचा मार्ग केलाय. तांबड्या लाद्या, दोन्ही बाजूंनी कठडा, मध्ये मध्ये दिवे, आणि कचरा टाकायला चोच उघडून उभा असलेला एक पक्षी. फाटकावर पांढरी डबी आहे. माणूस आत गेला, बाहेर आला की तिच्यात लाल ठिपका चमकतो आणि ती मोजते. आरोही मॅडम रत्नागिरीहून स्कूटरने येते आणि त्या मोजणीवरून या वाटेचा पैशात फायदा किती ते काढते. तिने मला समजावलं, "आजी, माणूस चालला की आजारी कमी पडतो. औषधाचा खर्च वाचतो. तो वाचलेला खर्च ही या वाटेची कमाई."

मी म्हटलं, "मी जन्मभर डोक्यावर आंब्याची पाटी घेऊन बाजारापर्यंत चालले. माझी कमाई कुठे जमा झाली?"

"ते काम होतं, आजी. हा व्यायाम."

म्हणजे डोक्यावर पाटी असली तर काम आणि हातात बाटली असली तर व्यायाम. बरं.

चालणाऱ्यांनी रोज कसं वाटलं ते लिहून ठेवायचं आहे. मी माझं नाव दिलं ते हिच्यासाठी. हरिश्चंद्र, माझा मुलगा, मे महिन्यात गेला. तेव्हापासून ही उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. साखर वाढली, पाय सुजले, डॉक्टर म्हणाले चालली नाही तर सुया घ्याव्या लागतील. मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघीच. ही पण गेली तर मला शेवटचं पाणी पाजायला त्या चोचवाल्या पक्ष्याला बोलवावं लागेल.

आता लिहीत नाही म्हणते. लिहिलंस, बघ.

१३ नोव्हेंबर

चालून आलो. बरोबर शेजारची कमळा होती. ती अंगणवाडीत बाई होती, म्हणून सगळ्यांना रांगेत चालवते.

आरोही मॅडमला कुणी सांगितलेलं दिसत नाही, पण गावात कुणाच्याच सातबाऱ्यात नसलेली वाट एकच असते, मसणाची. म्हणूनच सरकारला जागा मिळवताना भांडण झालं नाही. खालचं टोक आमच्या वाडीत, वरचं टोक मसणात. पलीकडे कडा आणि खाली समुद्र. टोकाला समुद्र बघत बसायला बाकडं ठेवलंय. तिथे आजवर जे गेले त्यांना बसायची गरज पडली नव्हती.

अर्ध्या वाटेवर आमचा विसावा. तिरडी तिथे खाली ठेवतात, खांदेकरी दम घेतात आणि मग तिरडी फिरवून उचलतात. डोकं होतं तिकडे पाय, पाय होते तिकडे डोकं. गेलेल्याला घरची वाट सापडू नये म्हणून. बायका विसाव्यापर्यंतसुद्धा कधी जात नव्हत्या. आता सरकारने पाठवलं.

बरोबर त्या जागेवर सिमेंटचं बाकडं आहे. एकही बाई बसली नाही. आरोही मॅडमने विचारलं, "इथे छान सावली आहे, बसत का नाही?" कमळा म्हणाली, "ओलं असतं." कडकडीत ऊन पडलं होतं.

राजश्री मात्र बसली. दमली होती. मी कठडा धरून उभी राहिले.

२१ नोव्हेंबर

मधले दिवस सांगण्यासारखे नाहीत. माझे गुडघे फाटकाशीच बसून चालणाऱ्यांची चौकशी करतात. राजश्री आता संध्याकाळी एकटी जाते. मला सांगावं लागत नाही. चार वाजले की केस विंचरते, चेहरा धुते.

काल परत आली ती गालात हसत. मी विचारलं, "कोण गो तो?"

"कोण नाय, आई."

"कोण नसताना पावडर कोण लावतं?"

हे लिहिताना हिचा हात थांबलाय. थांबू दे. चाळिशीची बाई आहे, मी काही दगड नाही. कुणी भला माणूस भेटला असेल तर मी आड येणार नाही. फक्त तो चहा पितो का सांग, म्हणजे साखर आणून ठेवते. तुझी तर बंद आहे.

२८ नोव्हेंबर

आज आरोही मॅडमचं डोकं फिरलं. डबी म्हणते आत गेले त्यापेक्षा बाहेर आलेले एकाने जास्त. रोज संध्याकाळी एक जास्त. रत्नागिरीहून माणूस आणून बॅटरी बदलली, डबी पुसली, स्वतः चारदा आत-बाहेर केलं. तेव्हा बरोबर. संध्याकाळी पुन्हा एक जास्त.

"कुणीतरी दुसरीकडून चढत असेल," ती म्हणाली.

"दुसरीकडे कडा आहे, बाय. तिकडून घार चढते."

"मग आजी, हा एक येतो कुठून?"

मी म्हटलं, "आमच्यात काही लोक वर जाताना खांद्यावरून जातात. पाय लागत नाहीत, तुझ्या डबीत कसे येणार. उतरताना चालत येत असतील."

सगळ्या हसल्या. आरोही मॅडमसुद्धा. राजश्री हसली नाही. तिने खाली बघून चपलेचा पट्टा नीट केला.

४ डिसेंबर

डॉक्टरकडे गेलो. साखर उतरली. अर्ध्या गोळ्या बंद. डॉक्टर खूष, आरोही मॅडम त्याहून खूष. फाटकाशी उभं करून राजश्रीचा फोटो काढला. अहवालात घालणार आहे, एका बाईचा एवढा औषधाचा खर्च या वाटेने वाचवला म्हणून. वाट फायद्याची ठरली तर आणखी गावांत असेच मार्ग करणार आहेत.

मी बघते ते त्यांच्या फोटोत येत नाही. झंपर खांद्यावरून घसरतो. गळ्याचं हाड असं वर आलंय की पाणी साठेल. रात्री पान वाढलं की म्हणते, "माझं जेवण झालं, आई."

"कुठे झालं?"

"झालं."

डॉक्टरला विचारलं, इतकी वाळायला हवी का. तो म्हणाला, आजी, तुम्हीच म्हणत होता ना कमी व्हायला हवी. खरं आहे, म्हणत होते.

१० डिसेंबर

लिही. सासू काल काजूच्या झाडाआड लपून बसली होती. गुडघे बोंबलत होते, तरी गेले.

राजश्री विसाव्यावर आली. पदराने बाकडं पुसलं, अर्धं आपल्यासाठी, अर्धं दुसऱ्यासाठी. मग कडेला सरकून बसली, बसमध्ये जागा देतात तशी. बोलत होती. हातखंब्याच्या दुकानाचं शटर अडकायचं ते बोलत होती. मध्येच तोंडाला पदर लावून हसली. सूर्य नेमका समोर, मला तिच्या पलीकडचं काही दिसेना. पण वास आला. पंक्चरच्या सोल्युशनचा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हरिश्चंद्राचं हातखंब्याचं टायरचं दुकान लांजाच्या एका माणसाने घेतलं. तोही पंक्चरच काढतो. तो येत असणार. माणूस चांगला वाटला होता.

हे सांगत होते तेव्हा राजश्रीने लिहिणं थांबवून विचारलं, "आई, तुम्हाला दिसला तो?"

"नाय गो. ऊन डोळ्यावर होतं."

"मग बरं," म्हणाली आणि पुढे लिहू लागली.

१६ डिसेंबर

आज लिहायला कमळाला बसवलंय. हे राजश्रीच्या हातून लिहवायचं नाही.

दुपारी रिक्षा करून हातखंब्याला गेले. दुकानदाराला म्हटलं, येतोस तर उघड ये, चहाला ये. त्याने हातातलं टायर खाली ठेवलं. म्हणाला, "आजी, संध्याकाळीच तर हायवेवर धंदा असतो. मी दुकान सोडून कुठे जाणार? बायको हाय माझी, पोरं हायत." पोरांचा फोटो दाखवला. खोटं बोलणारा माणूस इतक्या घाईने फोटो काढत नाही.

परत आले ती थेट फाटकाशी बसले. दिवे लागायची वेळ. कमळा जवळ होती, तिला विचारा. चालणाऱ्या बायका उतरल्या, गेल्या. शेवटी राजश्री आली. तिच्यापुरता लाल ठिपका चमकला. ती पुढे गेली. फाटकात कुणी नव्हतं. ठिपका पुन्हा चमकला.

तोच वास आला आणि आमच्या मधून गेला. कमळाच्या पदराचं टोक हललं. वारा पडलेला होता. राजश्री वळणावर थांबली होती, बरोबरचा माणूस मागे राहिला की थांबतो तशी. मग चालू लागली.

कमळाची अक्षरं ओळीखाली घसरताहेत. तिला म्हटलं, नीट काढ, मला वाचता येत नाही पण वेडंवाकडं कळतं.

१७ डिसेंबर

कमळाच लिहिते आहे.

आप्पाला बोलावलं. आप्पा आमचा गावकर, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. हरिश्चंद्राच्या वेळी पुढचा खांदा त्याने दिला होता. बसल्या बसल्या विचारलं, "विसाव्यावर माझ्या मुलाला फिरवलात का?"

आप्पा जमिनीकडे बघू लागला. "वयनी, बाकडं तेव्हा नुकतंच सिमेंटात बसवलेलं. दोन्हीकडे कठडा. तिरडी आडवी व्हायला जागा नव्हती. मागचे म्हणाले, चला तसंच."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, चला."

"म्हणजे पार्सल नेतात तसा नेलात."

"बाकीचं सगळं रीतसर केलं, वयनी. तेरावा झाला, वाडी जेवली."

तेराव्याला वाडी जेवली, हे आप्पाला अजून आठवतं. बायका वर जात नव्हत्या, म्हणून आम्हाला दिसलं नाही, कुणी सांगितलंही नाही, आणि पुरुष आपसात बोलले नाहीत.

माझा हरिश्चंद्र. जिवंत होता तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात मोटरसायकल काढून जायचा. डॉक्टर चाल म्हणून बोंबलत राहिले. आता रोज मसणापासून घराच्या वळणापर्यंत चालतो, आणि आरोही मॅडमच्या हिशोबात त्याचाही फायदा धरलेला असणार.

कमळा हसली आणि मग रडली. मी आप्पाला म्हटलं, इलाज सांग.

आप्पा म्हणाला, पुन्हा तिरडी बांधायची, विसाव्यावर न्यायची, टेकवायची, फिरवायची. पण रिकामी चालत नाही. त्याच्या रक्ताचं माणूस तिच्यावर हवं.

"त्याच्या रक्ताचं आता एकच माणूस उरलंय," मी म्हटलं. "फार जड नाही."

"वयनी, हसण्यावारी नेऊ नका. फिरवलेल्याला घरची वाट राहत नाही. मेलेला असो की जिता. माझ्या आज्याने तसं बघितलेलं हाय."

"ज्या घरात लग्न करून आले त्या घराची वाट मी कशी चुकेन?"



१९ डिसेंबर

कमळाच.

आरोही मॅडमला म्हटलं, विसाव्यावरचं बाकडं हलवा. ती म्हणाली, तसं करता येत नाही, आजी. बसायची सोय असली की लोक जास्त येतात, जास्त चालतात, असं सगळीकडे दिसून आलं आहे.

"खरं आहे तुझं," मी म्हटलं. "इथेही तसंच झालंय."

तिला वाटलं मला पटलं. चांगली पोर आहे. तिच्या वरच्या साहेबांना विचारून महिन्याभरात कळवते म्हणाली.

महिना नाही आपल्याकडे. काल राजश्री चुलीपुढे घेरी येऊन पडली. उठली आणि पहिलं विचारलं, चार वाजले का. मी उंबऱ्यात आडवी बसले. ती माझ्यावरून ओलांडून गेली. तिचा पाय मला लागला नाही इतकी हलकी झाली आहे. परतली तेव्हा अंधार व्हायला आला होता. म्हटलं, इतका वेळ विसाव्यावर?

"विसाव्यावर नाय, आई. थोडं पुढे गेलो होतो. उद्या-परवा टोकापर्यंत जाऊ म्हणतात. तिथे बाकडं हाय. समुद्र दिसतो."

गेलो, म्हणाली. गेले नाही.

आप्पाला निरोप धाडला, उद्याच.

२० डिसेंबर

कमळा लिहिते आहे, मी पडून सांगते.

दुपारी आप्पाची माणसं पहारी घेऊन गेली आणि बाकडं उखडून कठड्याबाहेर ठेवलं. कठडाही थोडा मोडला. मग मला न्यायला आले. राजश्री आत गळून निजली होती. तिरडीचा बांबू कुणी घाईत तासला होता, पाठीला टोचत होता. आप्पाला म्हटलं, खऱ्या वेळी तरी नीट तास, तेव्हा मला सांगता येणार नाही. एकालाही हसू आलं नाही. पुरुष अशा वेळी फार गंभीर होतात, म्हणून चुका करतात.

पडून जाताना आभाळ फार मोठं दिसतं. दिवे उलटे दिसतात. तो चोचवाला पक्षी खालून बघितला तर जबड्यात पान अडकलेलं.

विसाव्यावर टेकवलं. आप्पाने गाऱ्हाणं घातलं. हरिश्चंद्राचं नाव घेतलं, माझ्या सासऱ्याचं घेतलं, ज्या राखणदाराची ती वाट आहे त्याचं घेतलं, झाली चूक पदरात घे म्हणाला. मग चौघांनी उचललं आणि फिरवलं. आभाळ माझ्याभोवती फिरलं आणि थांबलं. कुठे थांबलं ते मला कळलं नाही.

तेव्हा वास आला. अगदी जवळ. माझ्या तळपायाला कुणीतरी हात लावला, दोन्ही पायांना, वाकून लावतात तसा. लहानपणी परीक्षेला जाताना लावायचा आणि मी म्हणायचे, पुरे, जा आता, उशीर होईल. तेच म्हटलं. मोठ्याने म्हटलं, आप्पाने ऐकलं.

वास वरच्या अंगाला गेला. मग समुद्राचा वास आला, नुसता.

चार वाजले असतील, राजश्री धावत आली. बाकडं नाही हे बघितलं, मला बघितलं, आणि मातीत बसून रडली. मे महिन्यात रडली नव्हती. वाडीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही चालत उतरलो. फाटकाच्या डबीने आम्हाला नीट मोजलं.

कमळा म्हणते, घर आलं तरी मी पुढे चालत राहिले. आप्पाची गाय बघायची होती, असं मी तिला सांगितलं.

२९ डिसेंबर

पुन्हा राजश्रीचं अक्षर. आज बांगड्याचं सार केलं होतं. ती दोनदा भात घेऊन जेवली. मी ताटाकडे बघत बसले.

आरोही मॅडम येऊन रागावली, बाकड्यासाठी. मग डबी बघितली. आता आत-बाहेर सारखं. ती म्हणाली, यंत्र सुधारलं. पण राजश्रीची साखर थोडी चढली आहे आणि एक गोळी परत सुरू झाली, म्हणजे फायदा घटला. अहवालातला फोटो काढून टाकावा लागेल म्हणते. मी म्हटलं, काढ, त्या फोटोत ती बरी दिसत नव्हती.

चहा ज्या कपात दिला त्यावर निळी फुलं आहेत. छान कप आहे. कुणाचा विचारलं. तुमचाच, आई, म्हणाली. मी बरं म्हटलं. वाद कशाला घाला.

१४ जानेवारी

तिळगूळ दिला. गोड आहे.

ही बाई रोज संध्याकाळी मला तांबड्या लाद्यांच्या वाटेवर फिरायला नेते. अंगाने भरली आहे, चालताना धाप लागत नाही तिला. माझा हात धरते, दंडाला, घट्ट. उतरताना एका घरापाशी थांबते आणि म्हणते, आलं. मी विचारते, कुणाचं गो? ती म्हणते, आपलं. दारात उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून मी आत जाते. घर नीटनेटकं ठेवलंय. भिंतीवर एका जाड्या माणसाचा फोटो आहे, हार घातलेला. त्याला बघून मला चालायला सांगावंसं वाटलं. का, ते माहीत नाही.

मला जेवायला वाढते, पाय चेपते, मी बोलते ते लिहून घेते. आज तिला म्हटलं, तुझी सासू असेल तिला माझा निरोप दे. म्हणावं, सून चांगली मिळाली आहे, जप तिला.

तिचा हात थांबला. मग तिने लिहिलं.

बरेच दिवस झाले, आता मला निघायला हवं. माझ्या घरी वाट बघत असतील. उद्या ऊन उतरल्यावर निघते म्हटलं, कुणी वाट दाखवायला आलं तर.